वर ड्युटीवाले झोपलेत

आक्का, आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी, शेवटचा शब्द नेहमी तुमचा; ते मला केव्हाच मान्य झालं होतं. पण म्हणून ऐन भांडणातून उठून जायचं, हे काही बरं नाही. गेल्या आठवड्यात जेवण झाल्यावर ‘जरा पडते गं’ म्हणून आपल्या मंगल कार्यालयाच्या वर, कोपऱ्यातल्या खोलीत गेलात आणि चहाची वेळ झाली तरी खाली आला नाहीत. मी कप घेऊन वर आले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून, हाताची उशी करून झोपला होता. मी कप स्टुलावर ठेवला आणि पाऊल न वाजवता परत फिरले. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवून ठेवलेलं. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा चहावर साय धरली होती आणि तुमचा हात गार लागला.

तेव्हापासून माणसं येतायत. येतात, डोळे पुसतात, ‘झोपेत गेल्या, सोनं झालं’ म्हणतात. मग कुणीतरी हळूच आमच्या प्रतीक्षाच्या लग्नाचा विषय काढतं, आणि बघता बघता सुतकाच्या घरात हशा पिकतो. परवा तर प्रतीक्षाचे सासरे पदरानं, म्हणजे त्यांच्या उपरण्यानं, डोळे पुसत होते ते रडून की हसून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आपलं भांडण त्याच लग्नाचं. माझ्या पोरीच्या लग्नात वाजलं की नाही वाजलं? तुम्ही म्हणायचात, वाजलं. मी म्हणायची, नाही. भाजी निवडताना, कार्यालयाचे पडदे धुताना, दोघींच्या गुडघ्यांना तेल चोळताना हे भांडण चालायचं. आज मी पहिल्यापासून सगळं सांगते. मध्ये बोलायची सोय तुम्हाला नाही, त्याचा मी फायदा घेणार आहे.

मला वाजण्याची एवढी हौस का, ते तुम्हाला माहीत होतं. माझं लग्न झालं तेव्हा सासरे नुकतेच गेलेले. वर्षाच्या आत लग्न करायचं म्हणून देवळात चार माणसांत उरकलं. ताशा नाही, पिपाणी नाही, साधी शिट्टीसुद्धा नाही. मी या घरात आले ती मयताला आल्यासारखी, खालमानेनं. त्या दिवशी तुम्ही मला आत नेऊन गूळ भरवलात आणि कानात म्हणालात, “तुझ्या लेकीच्या लग्नात वाजवू. पार शिरूरला ऐकू जाईल असं वाजवू.” हा शब्द तुमचा होता, आक्का. मी तो पदराच्या गाठीला बांधून ठेवला होता.

पुढं शिक्रापूरच्या अलीकडचं वावर महामार्गाला लागलं आणि आपण तिथं मंगल कार्यालय काढलं. खाली हॉल, मागं भटारखाना, वर जानवशाच्या खोल्या, नवरदेवाकडची मंडळी उतरायला. दोघी जावांनी दुसऱ्यांच्या किती पोरी वाजतगाजत सासरी धाडल्या! तुम्ही फाटकाशी उभ्या राहायचात, हातात तुमच्या वडलांची हिरवी झेंडी. दौंडला ते मालगाडीचे गार्ड होते. ते गेले आणि माहेरून तुम्ही फक्त त्या झेंड्या आणल्यात, एक हिरवी, एक लाल. लाल दाखवून ट्रक थांबवायचात आणि हिरवी हलवून वऱ्हाडाची बस आत घ्यायचात. पंजाबपासून मद्रासपर्यंतचे ट्रकवाले तुमच्यापुढं ब्रेक दाबायचे.

प्रतीक्षाचं स्थळही तुम्हीच आणलंत, दौंडचंच. मुलगा रेल्वेत, सासरे मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर. माणसं चांगली होती. माझी एकच अट होती, बँड. माझा भाऊ दत्ता, पोरीचा मामा, त्यानं कवठे येमाईहून बँड ठरवला, शिवाय हलगीवाले वेगळे. तुम्ही म्हणालात, “वाजू दे की, कोन नगं म्हंतंय.” हे वाक्य लक्षात ठेवा.

लग्नाच्या आदल्या दिवशी वळवाच्या वादळानं सगळा जिल्हा झोडपून काढला. मांडवाची कमान पडली, ती दत्तानं रात्रीतून परत उभी केली. सकाळी उजाडतंय तोवर संपतचा फोन. शिक्रापूरचा संपत, विमानवाल्यांना विमानतळ ते हॉटेल ने-आण करणारा. मुंबईला उतरायची विमानं वादळामुळं पुण्याकडं वळवलेली, लग्नसराईनं हॉटेलं भरलेली, आणि एका विमानाची माणसं रात्रभर खुर्च्यांत बसून काढून आता गाडीत डुलक्या घेत होती. “आक्का, एकबी खोली न्हाई हो कुठं. संध्याकाळी त्यान्ला इमान न्यायचंय. झोप पुरी झाली न्हाई तर इमान हलवायची परवानगीच न्हाई. आन् तिकडं पॅशिंजर कालधरनं अडकून पडलंय.”

तुम्ही मला विचारलंतसुद्धा नाही. “आन हिकडं,” म्हणालात आणि फोन ठेवलात.

गाडी आली तेव्हा तुम्ही वर चादरी बदलत होता. पांढरे शर्ट, काळ्या पँटी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, अशी माणसं बॅगा ओढत चिखलातून येताना बघून दत्ता खूश झाला. त्याला वाटलं बँडवाले आले. त्याच्या बायकोलाही तेच वाटलं. तिनं पुढं होऊन सगळ्यांना मागच्या दारी भटारखान्याकडं वळवलं, “तिकडं चहा हाय, पोहे बी हायत, खाऊन घ्या न् मग सुरू करा.” त्यांतल्या एक उंच, मधल्या वयाच्या बाई त्या विमानाच्या कॅप्टन होत्या. त्या बिचाऱ्या इतक्या दमलेल्या की मुकाट्यानं बटाट्याच्या पोत्यावर टेकल्या आणि चहा प्यायला लागल्या. दत्ता त्यांच्यासमोर उभा राहून विचारतोय, “मॅडम, तुम्ही काय वाजवता? अन् सामान कुठाय?”

तेवढ्यात तुम्ही आलात. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं तुमचं हिंदी बाहेर काढलंत, “आप लोग ऊपर चलो. कोई नहीं उठाएगा. मैं बैठी हूँ.” कॅप्टनबाईंनी मांडवाकडं बघितलं, हॉलवरच्या पताकांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “यहाँ तो शादी है.” तुम्ही म्हणालात, “शादी है, तो क्या हुआ? चुपचाप करेंगे.”

चुपचाप! माझ्या पोरीचं लग्न!

मी तुम्हाला भटारखान्यात गाठलं. “आक्का, जानवशाच्या खोल्या दिल्या त्या दिल्या. वऱ्हाड कुठं उतरायचं?”

“आपल्या घरात.”

“आन् बँड?”

“त्यांची झोप झाल्यावर.”

“त्यांची झोप हुईस्तोवर लगीन लागून जाईल!”

“आवाज काय, मागनं बी करता येतोय. झोप आत्ताच व्हायला पायजे.”

मी तोंड उघडलं तर तुम्ही ओठावर बोट ठेवलंत. वर शेवटचं दार लागलं होतं. तिथून पुढचं आपलं भांडण खुणांनी झालं. तुमच्या माहेरी भांडणं तशीच चालायची ना? वडील रात्रपाळी करून आले की आई उंबऱ्यात बसायची, आणि पोरांनी मारामारी करायची तीसुद्धा तोंड बंद ठेवून. भाजीवाला तुमच्या ओळीत आला की ओरडायचा थांबायचा. ‘झोप मोडलेला मानूस गाडीवर गेला की आमचा जीव टांगनीला लागायचा,’ असं तुम्ही सांगायचात. त्यामुळं खुणांनी भांडायचा तुम्हाला सराव, मला कुठला? मी हवेत ढोल वाजवून दाखवला, कपाळावर हात मारला, पदराची गाठ दाखवली. तुम्ही दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केलीत आणि वर बोट दाखवलंत. आचारी झारा हातात धरून बघत राहिला. तुम्ही त्याचाही झारा काढून घेतलात आणि लाकडी उलथनं दिलंत.

मग तुमचा धडाका सुरू झाला. स्टीलची ताटं परत पेटीत, त्याऐवजी पत्रावळी. खिडक्यांना मांडवाचं जाड कापड. माइकची वायर काढून तुम्ही कमरेला खोचलीत. खरे बँडवाले आले, त्यांना शेताच्या टोकाला आंब्याखाली बसवून बुंदी दिलीत. दत्ता लालबुंद. “ताई, ही तुझी जाऊ काय करायला लागलीय? चारचौघांत काय तोंड दाखवू मी?” माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागानं हुंदका द्यायचीही चोरी.

माझी शेवटची आशा होती व्याह्यांवर. म्हटलं, बस येऊ दे दौंडची. नवरदेवाकडची माणसं, न वाजवता आत घेतलेलं कोण खपवून घेईल? ते भडकतील, तुम्हाला ऐकावंच लागेल. बस आली. तुम्ही हिरवी झेंडी हलवून ती आत घेतलीत आणि व्याही उतरताच त्यांच्या कानाशी जाऊन एवढंच म्हणालात, “वर ड्युटीवाले झोपलेत.”

आक्का, पुढचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. व्याह्यांनी वर खिडक्यांकडं बघितलं. वळले आणि बसकडं तळहात खाली दाबून खूण केली. आणि सगळं वऱ्हाड, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, चपला हातात घेऊन उतरलं. रेल्वे कॉलनीतली माणसं ती! एका बाईनं कडेवरचं पोर रडायच्या आत त्याच्या तोंडात बत्तासा घातला. विहीणबाई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरून कुजबुजल्या, “कवापास्नं झोपलेत? जेवून झोपलेत का?” मी कुणावर रागवायचं तेच मला कळेना.

तालुक्यात वेळेवर लागलेलं ते पहिलंच लग्न असावं. माइक नाही म्हटल्यावर भाषणं नाहीत. साखर कारखान्याचे एक संचालक आशीर्वाद द्यायला उठले, तर तुम्ही त्यांच्या हातात नारळ दिलात, डोक्याला फेटा बांधलात आणि अलगद खाली बसवलंत. त्यांनीही दोन्ही हात उंचावून मुक्यानंच आशीर्वाद दिला.

आता मागच्या माणसांना ‘सावधान’ ऐकू यायचं कसं? अक्षता टाकायच्या कधी? तर तुम्ही स्टेजशेजारी खुर्चीवर चढलात. या वयात, नऊवारी नेसून, हातात ती हिरवी झेंडी. भटजी हळू आवाजात मंगलाष्टका म्हणत होते, तुमचे डोळे त्यांच्या ओठांवर, आणि अख्ख्या हॉलचे डोळे तुमच्या झेंडीवर. ‘सावधान’ला झेंडी खाली यायची आणि अक्षता उडायच्या. शेवटच्या वेळी तुम्ही ती डोक्याभोवती गरगर फिरवलीत. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, म्हणून लोकांनी हात वर करून हलवले. सगळा हॉल नुसता हात हलवत होता, आणि पुढच्या रांगेत दत्ता खांदे उडवत होता. मला वाटलं रडतोय. हसत होता. त्याचं बघून मला हसू फुटलं, मग तोंडात पदराचा बोळा कोंबून मी अशी हसले की विहीणबाईंनी मला धरलं.

आन् ऐन तेव्हा वरून घोरण्याचा आवाज आला. स्वच्छ, लयीत. तुम्ही खुर्चीवरून माझ्याकडं बघितलंत, असं काही बघितलंत की जणू पोरगी तुमची पास झाली.

उन्हं कलल्यावर कॅप्टनबाई खाली आल्या. तोंड धुतलेलं, केस बांधलेले. जिन्यात थबकल्या. समोर भरलेला मांडव, माणसं पंगतीत बसून खुणांनी जिलेबी मागतायत. त्यांनी तुम्हाला विचारलं, “शादी कब है?”

“हो गई,” तुम्ही म्हणालात.

त्या बाई सरळ प्रतीक्षाकडं गेल्या, तिला जवळ घेतलं आणि आपल्या शर्टावरचा पंखांचा बिल्ला काढून तिच्या शालूला लावला. इकडं वरचं शेवटचं दार उघडलेलं बघून तुम्ही मागच्या दाराशी जाऊन आंब्याकडं झेंडी दाखवलीत.

सकाळपासून बुंदी खाऊन बसलेले बँडवाले! ते असे सुटले की पत्रे थरथरले. हलगी कडाडली. दत्तानं फेटा उडवला. विमानातली माणसं, ते पोरगेलेसे दुसरे पायलट, त्या नीटनेटक्या पोरी, सगळे मांडवात. व्याही नाचले, भटजी नाचले. संपत हॉर्न वाजवून दमला, शेवटी गाडीतून उतरून तोही नाचला. आणि या सगळ्यात पोरीची पाठवणी झाली. मी मनात ठरवलेलं की तिच्या गळ्यात पडून पोटभर रडेन. जमलंच नाही. ती हसत गाडीत बसली, मी हसत गाडी ढकलली.

संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर आपण दोघी पायरीवर बसलो होतो. ढगांतून एक विमान गेलं. तुम्ही उठून त्याला हिरवी झेंडी दाखवलीत. मी म्हणाले, “त्यान्ला दिसतंय व्हय हितनं?” तुम्ही म्हणालात, “त्यान्ला दिसू दे न्हाईतर न दिसू दे. आपण दाखवायची.”

तिथूनच भांडण सुरू झालं. मी म्हणाले, मंगलाष्टकांना वाजलं नाही म्हणजे वाजलंच नाही. तुम्ही म्हणालात, शिरूरला ऐकू गेलं, अजून काय पायजे? पुढं धुकं पडो, वादळ येवो, संपत अडकलेल्या विमानवाल्यांना घेऊन आपल्याकडंच यायला लागला. तुम्ही कोपऱ्यातली खोली त्यांच्यासाठी राखलीत, जाड पडदे शिवलेत, दाराशी खुर्ची टाकून बसायचात. मी जाता-येता टोमणा मारायची, “बसा, माझ्या पोरीचं लगीन मुकं केलं तसं आता सगळ्यांचं करा.” तुम्ही बोट ओठावर ठेवायचात.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. इतकी लग्नं बघितली मी, पण अक्षता पडताना आवाज होतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ऐकला. तांदूळ शालूवर पडले, फेट्यांवर पडले, हलका सरसर आवाज. प्रतीक्षाच्या बांगड्या ऐकल्या. हार घालताना ती जावयाला काय पुटपुटली तेही ऐकलं, ‘घाबरू नका’ म्हणाली. बँड असता तर यातलं काही माझ्या वाट्याला आलं असतं का? हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असता. तुमच्याशी भांडायची मला इतकी गोडी लागली होती की ते मिटवावंसंच वाटलं नाही.

तुम्हाला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवसाची कार्यालयाची तारीख आधीच लागलेली होती. पाबळकडची माणसं, एकुलती एक पोरगी. तिचे वडील हात जोडून आले, “ताई, तुमच्या घरात असं झालंय. आम्ही न वाजवता उरकतो.”

‘उरकतो’ म्हणाले. मला माझं लग्न आठवलं, खालमानेनं ओलांडलेला उंबरा आठवला, आणि तुम्ही भरवलेला गूळ आठवला. मी म्हणाले, “दादा, उरकायचं न्हाई. वाजवा. शिरूरला ऐकू गेलं पायजे.” माणसं माझ्याकडं बघत राहिली. सुतकातली बाई, येडी झाली असेल म्हणाली असतील. म्हणू देत.

मी लांब फाटकाशी उभी राहून झेंडीनं त्यांची बस आत घेतली. बँड सुरू झाला. मी वर बघितलं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार लावलेलं. वाटलं, आत्ता उघडेल. आत्ता तुम्ही जिन्यात याल, बोट ओठावर ठेवाल आणि मला खुणेनं शिव्या घालाल. सगळ्या मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, ताशा टिपेला गेला. दार काही उघडलं नाही.

मग मीच जिना चढले. तुमची खुर्ची अजून दाराशीच आहे. तिच्यावर बसले आणि दाराकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, “वाजलं होतं, आक्का. माझ्या पोरीच्या लग्नात वाजलं होतं.”

खाली बँड इतका जोरात होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं असेल. तुमची झोप पहिल्यापासून सावध.